कांडी किती जळू द्यायची?

१९७२ च्या वसंतात न्यूयॉर्क राज्यातली, ऑन्टॅरिओ सरोवराकाठची गिना अणुभट्टी इंधन बदलण्यासाठी थांबवली होती. बाहेर काढलेल्या इंधनकांड्या तपासताना काही कांड्या मध्येच चपट्या झालेल्या आढळल्या. आतल्या युरेनियम ऑक्साइडच्या गोळ्या भट्टीत आणखी घट्ट होऊन आकसल्या होत्या, त्यांची रांग खाली सरकली होती आणि रांगेत पडलेल्या पोकळीवर बाहेरच्या पाण्याच्या दाबाने नळी आत दबली होती. कुणी असे होईल म्हणून भाकीत केले नव्हते. पुढे गोळ्या अधिक घट्ट भाजण्यात आल्या, नळीत हेलियम वायू दाबाने भरून ती बंद करण्याची पद्धत रूढ झाली, आणि हा प्रश्न मागे पडला.

अणुइंधन किती काळ वापरायचे, याची मर्यादा गेल्या साठ-पासष्ट वर्षांत कशी सरकत गेली, हे समजून घ्यायला गिनाची ही घटना चांगली. मर्यादा दरवेळी कागदावर वाढली. पण तिला खरा आधार मिळाला तो जळलेली कांडी कापून कुणीतरी आत डोकावले तेव्हाच.

आधी ही कांडी जवळून पाहू. सुमारे सेंटिमीटरभर उंचीच्या काळ्या गोळ्या एकावर एक रचलेल्या, भोवती झिर्कोनियमच्या मिश्रधातूची जवळजवळ चार मीटर लांब नळी. नळीची भिंत अर्ध्या मिलिमीटरहून थोडीशीच जाड. गोळीच्या गाभ्यात हजार अंशांपलीकडची उष्णता आणि काही मिलिमीटरवर, नळीच्या बाहेर, तीनशे अंशांचे पाणी. किरणोत्सारी द्रव्य आणि बाहेरचे जग यांच्यामधला पहिला पडदा ही भिंतच.

इंधन किती ‘जळले’ ते मोजायचे एकक म्हणजे टनामागे मेगावॅट-दिवस. धंद्यात याला सरळ बर्नअप म्हणतात. एक ग्रॅम युरेनियमचे पूर्ण विखंडन झाले, तर साधारण एक मेगावॅट-दिवस ऊर्जा मिळते. म्हणजे टनामागे ६२ हजारांचा आकडा ऐकायला प्रचंड वाटला, तरी त्यात जेमतेम साडेसहा टक्के अणू फुटलेले असतात. बाकीचे तसेच राहतात. कोळसा जळून राख होतो. ही कांडी मात्र वापरून झाल्यावरही दिसायला कांडीच असते, फक्त आतून पार बदललेली.

झिर्कोनियम या धंद्यात आले ते अमेरिकी नौदलाच्या पाणबुडीसाठी. अॅडमिरल हायमन रिकोव्हर यांनी या धातूचा आग्रह धरला, तेव्हा तो दुर्मीळ होता आणि त्यात मिसळलेले हाफ्नियम वेगळे काढणे जिकिरीचे होते. हाफ्नियम न्यूट्रॉन गिळते, झिर्कोनियम जवळजवळ गिळत नाही. म्हणून हा सारा खटाटोप. १९५७ च्या अखेरीस पेनसिल्व्हेनियात सुरू झालेल्या शिपिंगपोर्ट वीजकेंद्रात युरेनियम ऑक्साइडच्या गोळ्या झिर्कलॉयच्या नळीत बसल्या. आजही जगातली बहुतेक अणुवीज याच जोडीवर चालते.

सत्तरच्या दशकात दाबयुक्त पाण्याच्या भट्ट्यांमधले इंधन सरासरी ३३ हजारांच्या आसपास जळले की बाहेर काढत. मग राजकारणाने आकडा पुढे ढकलला. एप्रिल १९७७ मध्ये राष्ट्राध्यक्ष जिमी कार्टर यांनी व्यापारी पुनर्प्रक्रिया बेमुदत लांबणीवर टाकली. वापरलेल्या कांड्या केंद्राच्याच तलावात साठू लागल्या. तलाव भरू नयेत म्हणून प्रत्येक कांडीतून जास्त वीज काढायची, हा साधा हिशेब झाला. भट्टी वर्षाला एकदा थांबवण्याऐवजी दीड किंवा दोन वर्षांनी थांबवण्यातला फायदा कंपन्यांना वेगळा सांगावा लागला नाही. त्यासाठी युरेनियम थोडे अधिक समृद्ध केले गेले आणि नळीच्या धातूत नायोबियम आले. सोव्हिएत भट्ट्यांमध्ये एक टक्का नायोबियमची नळी आधीपासूनच होती. अमेरिकी झिर्लो आणि फ्रेंच एम-५ हे मिश्रधातू नंतरचे. अशा टप्प्यांनी अमेरिकेतली मर्यादा कांडीच्या सरासरीने ६२ हजारांवर पोहोचली.

तेवढ्यात तीन धक्के बसले.

पहिला फ्रान्सच्या दक्षिणेकडच्या काब्री या प्रायोगिक भट्टीत. नोव्हेंबर १९९३ मध्ये वीजकेंद्रात ६४ हजारांपर्यंत जळलेल्या कांडीचा एक तुकडा तिथे बसवून काही मिलिसेकंदांचा शक्तीचा झटका दिला गेला. नियंत्रक दांडा अचानक बाहेर फेकला गेला तर काय होईल, ते पाहायचे होते. अशा अपघातासाठी अमेरिकी मार्गदर्शक मर्यादा ग्रॅममागे २८० कॅलरी होती, आणि ती बेतलेली होती ताज्या किंवा थोड्याच जळलेल्या इंधनावरच्या चाचण्यांवर. काब्रीतली नळी सुमारे ३० कॅलरीलाच फुटली. पुढच्याच वर्षी जपानमध्ये तशाच चाचणीत कांडी साधारण ६० कॅलरीला गेली. वर्षानुवर्षे गरम पाण्यात राहिलेल्या झिर्कलॉयवर ऑक्साइडचा थर चढतो, धातूत हायड्रोजन शिरतो आणि नळी ठिसूळ होते. काब्रीच्या त्या तुकड्यावरचा ऑक्साइडचा थर जागोजागी सोलवटला होता, म्हणून तो निकाल टोकाचा मानावा की नाही, यावर तज्ज्ञांचा वाद बराच काळ चालला. पण ताज्या इंधनाचा नियम जुन्या इंधनाला लावता येत नाही, एवढे तरी पक्के झाले.

दुसरा धक्का चालू केंद्रांत. डिसेंबर १९९५ मध्ये साउथ टेक्सासला तीन आणि जानेवारी १९९६ मध्ये कॅन्ससमधल्या वुल्फ क्रीकला पाच नियंत्रक दांडे भट्टी बंद होताना तळापर्यंत गेलेच नाहीत. जास्त जळलेल्या इंधनसंचांतल्या मार्गदर्शक नळ्या वाकल्या होत्या. भट्टी सुरक्षित बंद झाली, पण मार्चमध्ये अमेरिकेच्या अणुनियामक आयोगाला सगळ्या संबंधित केंद्रांना लेखी विचारणा करावी लागली.

तिसरा नॉर्वेत. हाल्डेन गावच्या डोंगरात कोरलेल्या गुहेत १९५९ पासून एक छोटी भट्टी चालायची. तिची वाफ शेजारच्या कागद कारखान्याला जाई. जगभरच्या संस्था इथे कांड्या पाठवत, कारण इथे चालू भट्टीत गोळीच्या गाभ्याचे तापमान मोजता येत असे. २००६ मध्ये ९२ हजारांपर्यंत जळलेल्या कांडीवर, ती थंड ठेवणारे पाणी गमावण्याच्या अपघाताची चाचणी झाली. नळी फुग्यासारखी फुगून फुटली आणि आतल्या गोळ्यांचा अक्षरशः चुरा होऊन तो बाहेर पडला. जास्त जळलेल्या गोळीच्या कडेला मूळ कण फुटून अतिसूक्ष्म होतात आणि झेनॉनसारखा वायू बारीक बुडबुड्यांत कोंडून राहतो, हे ठाऊक होते. त्याचा परिणाम इतका उघडपणे समोर आला नव्हता. ६२ हजारांची रेषा इतकी वर्षे जागची हलली नाही, त्यामागे या चुऱ्याचा वाटा मोठा आहे.

भारतातली गोष्ट उलटी. तारापूरच्या पहिल्या दोन अमेरिकी भट्ट्या १९६९ मध्ये सुरू झाल्या आणि १९७४ च्या पोखरण चाचणीनंतर त्यांच्या समृद्ध युरेनियमचा पुरवठा अडकला. १९८२ पासून फ्रान्स, मग चीन, मग रशिया असा तो येत राहिला. पण आपल्या बहुतेक भट्ट्या जड पाण्याच्या, नैसर्गिक युरेनियमवर चालणाऱ्या. तारापूरच्याच तिसऱ्या-चौथ्या भट्ट्याही त्यातल्याच. अर्ध्या मीटरचा बंडल सरासरी सात हजारांपर्यंत जळला की बाहेर पडतो आणि चालू भट्टीतच यंत्राने नवा बसतो. इथे नळी थकण्याआधी युरेनियम थकते, कारण त्यात विखंडनक्षम भाग जेमतेम ०.७ टक्केच असतो. २००७-०८ मध्ये देशात युरेनियमची चणचण झाली, तेव्हा केंद्रे निम्म्या क्षमतेच्या आसपास चालवावी लागली. थोडे समृद्ध युरेनियम, प्लुटोनियम मिश्रण, थोरियम यांचे बंडल काक्रापार आणि कल्पाक्कमच्या भट्ट्यांमध्ये घालून पाहिले गेले. त्याची चर्चा आपल्याकडे फारच थोडी झाली. ती व्हायला हवी होती, कारण त्याच युरेनियममधून जास्त वीज काढण्याची गरज आपल्याइतकी कुणाला असेल?

हाल्डेनची भट्टी २०१८ मध्ये कायमची बंद झाली. झटक्याच्या चाचण्यांसाठी अमेरिकेने आयडाहोतली जुनी ट्रीट भट्टी २०१७ मध्ये पुन्हा सुरू केली होती. आता बरीच भिस्त तिच्यावर. उद्योगाला मर्यादा ७५ हजारांच्या घरात हवी आहे. २०२५ मध्ये जॉर्जियातल्या व्होग्टल केंद्राच्या दुसऱ्या भट्टीत सहा टक्क्यांपर्यंत समृद्ध युरेनियमचे चार चाचणी-संच बसवण्यात आले. व्यापारी भट्ट्यांत पाच टक्के ही जुनी हद्द. दीड-दीड वर्षांची तीन आवर्तने, म्हणजे साडेचार वर्षे त्यांनी आत काढायची, असे ठरले आहे.