उष्णकटिबंधीय स्कूबा डायव्हिंगची साधनसामग्री

उष्णकटिबंधीय स्कूबा डायव्हिंगची साधनसामग्री म्हणजे कर्कवृत्त व मकरवृत्त यांच्या दरम्यानच्या उबदार समुद्रांत श्वसनोपकरण लावून पाण्याखाली जाताना वापरली जाणारी उपकरणे, पोशाख आणि सुरक्षासाहित्य. अंदमान, लक्षद्वीप, मालदीव, थायलंड, इंडोनेशिया आणि कॅरिबियन समुद्र ही अशा डायव्हिंगची प्रमुख क्षेत्रे आहेत. भारताच्या पश्चिम किनाऱ्यावर मालवण-तारकर्ली, गोव्यातील ग्रँड आयलंड आणि कर्नाटकातील नेत्राणी बेट येथेही डायव्हिंग केले जाते.

ही ठिकाणे बहुतेक पाणबुड्यांच्या घरापासून दूर असल्याने सर्व साहित्य सोबत नेणे शक्य नसते. काय स्वतःचे न्यावे आणि काय भाड्याने घ्यावे, हे साहित्याचे वजन, ते शरीराला नेमके बसण्याची गरज आणि सुरक्षिततेतील त्याचे स्थान यांवरून ठरते. पाणी उबदार असल्याने संरक्षणाची फारशी गरज नाही, हा समज चुकीचा आहे.

स्वतःचे व भाड्याचे साहित्य

सिलिंडर व शिशाची वजने जड असून ती सर्व डायव्हिंग केंद्रांवर मिळतात, म्हणून ती सहसा सोबत नेली जात नाहीत. याउलट मास्क, डाइव्ह कॉम्प्युटर आणि पृष्ठभागावर संकेत देणारी साधने वजनाने हलकी, पण महत्त्वाची असल्याने ती स्वतःची असणे श्रेयस्कर मानले जाते. पोशाख, फिन, रेग्युलेटर आणि तरणनियंत्रक जाकीट यांबाबतचा निर्णय सहलीचा कालावधी व सामानाची मर्यादा पाहून घेतला जातो.

प्रशिक्षकासोबत केवळ एकदा परिचयात्मक बुडी घेणाऱ्या पर्यटकाला केंद्राकडूनच सर्व साहित्य मिळते. मालवण परिसरातील बहुतेक पर्यटक या प्रकारात मोडतात. तारकर्ली येथे महाराष्ट्र पर्यटन विकास महामंडळाची स्कूबा डायव्हिंगचे प्रशिक्षण देणारी संस्था आहे. कोकण किनाऱ्यावर पावसाळ्यात समुद्र खवळलेला व गढूळ असल्याने डायव्हिंग बंद असते.

मास्क व फिन

मास्क चेहऱ्याला हवाबंद बसणे आवश्यक असते. पट्टा न लावता मास्क चेहऱ्यावर टेकवून नाकाने हलका श्वास आत घेतल्यावर तो चिकटून राहिला, तर तो योग्य मापाचा समजतात. दाट मिशांमुळे त्यात पाणी शिरू शकते. मास्कच्या आत चष्मा घालता येत नाही. त्यामुळे चष्मा वापरणारे पाणबुडे नंबरच्या काचा बसवलेला मास्क किंवा मऊ कॉन्टॅक्ट लेन्स वापरतात. नव्या मास्कच्या काचेवर निर्मितीच्या वेळचा पातळ थर असतो. तो प्रवासापूर्वी काढला नाही, तर पाण्याखाली काचेवर सतत वाफ धरते.

उबदार पाण्यात अनवाणी पायात घालायचे बंद टाचेचे फिन सोयीचे ठरतात. खडकाळ किनाऱ्यावरून पाण्यात उतरायचे असल्यास निओप्रीनचे बूट व त्यांवर उघड्या टाचेचे फिन वापरतात.

पोशाख

पाणी हवेपेक्षा सुमारे २५ पट वेगाने शरीरातील उष्णता वाहून नेते. त्यामुळे २८ अंश सेल्सिअस तापमानाच्या पाण्यातही तासाभरात थंडी वाजू शकते आणि दिवसातून तीन-चार बुड्या घेतल्यास हा परिणाम साचत जातो. साधारणपणे २९ अंशांहून उबदार पाण्यात लायक्राचा पातळ पोशाख, २६ ते २९ अंशांत ३ मिलिमीटर जाडीचा आणि त्याहून थंड पाण्यात ५ मिलिमीटर किंवा अधिक जाडीचा निओप्रीनचा वेटसूट वापरतात. व्यक्तीनुसार या मर्यादा बदलतात.

केवळ अक्षांशावरून पाण्याच्या तापमानाचा अंदाज बांधता येत नाही. गालापागोस बेटे विषुववृत्तावर असली, तरी थंड सागरी प्रवाहांमुळे तेथे जाड वेटसूट लागतो. बालीजवळील नुसा पेनिडा येथेही खोल समुद्रातील थंड पाणी वर येते. निओप्रीनमधील वायूचे सूक्ष्म बुडबुडे खोलीवरील दाबाने आकसतात, त्यामुळे वेटसूटची ऊब टिकवण्याची क्षमता खोल पाण्यात घटते.

पूर्ण अंगभर पोशाख ऊन, जेलीफिश आणि दाहक प्रवाळ यांपासूनही संरक्षण देतो. ऑस्ट्रेलियाच्या क्वीन्सलंड प्रांतात सुमारे नोव्हेंबर ते मे या काळात विषारी जेलीफिशमुळे असे पोशाख वापरण्याचा सल्ला दिला जातो.

रेग्युलेटर व सिलिंडर

सिलिंडरमधील उच्च दाबाची हवा भोवतालच्या पाण्याच्या दाबाइतकी करून पाणबुड्याला पुरवणाऱ्या उपकरणाला रेग्युलेटर म्हणतात. जॅक-ईव्ह कुस्तो आणि एमिल गान्यां यांनी १९४३ मध्ये फ्रान्समध्ये विकसित केलेल्या ॲक्वालंगमुळे स्कूबा डायव्हिंगचा प्रसार झाला.

रेग्युलेटर सिलिंडरला योक किंवा डिन या दोन पद्धतींनी जोडला जातो. स्वतःचा रेग्युलेटर नेताना संबंधित केंद्रावर कोणती पद्धत आहे याची आधी चौकशी करतात व गरज पडल्यास अडॅप्टर सोबत ठेवतात. रेग्युलेटरची देखभाल निर्मात्याने ठरवलेल्या मुदतीत व्हावी लागते. देखभालीनंतर तो तरणतलावात तपासून मगच दूरच्या सहलीला नेणे सुरक्षित असते.

तरणनियंत्रण व वजने

तरणनियंत्रक जाकिटात हवा भरून किंवा सोडून पाणबुडा पाण्यात स्थिर राहतो. वेटसूट जितका जाड, तितके पाण्याचे प्लावक बल अधिक आणि तितकीच जास्त वजने लागतात. म्हणून पोशाख बदलल्यावर वजनांची नव्याने चाचणी घ्यावी लागते.

उष्णकटिबंधीय केंद्रांवर ११ लिटरचा ॲल्युमिनियमचा सिलिंडर सर्रास वापरतात. २०० बार दाबाने भरलेल्या अशा सिलिंडरमध्ये सुमारे अडीच किलो हवा असते. बुडीच्या शेवटी ५० बार दाब उरतो, तेव्हा पाणबुड्याचा भार सुमारे दोन किलोंनी कमी झालेला असतो. वजने अपुरी असल्यास ५ मीटर खोलीवरील सुमारे तीन मिनिटांचा सुरक्षा-थांबा पाळणे कठीण होते. वजने जास्त असल्यास पाणबुडा तळाकडे खेचला जाऊन प्रवाळांवर आदळण्याचा धोका असतो.

डाइव्ह कॉम्प्युटर

डाइव्ह कॉम्प्युटर खोली व वेळ नोंदवून शरीरात विरघळलेल्या नायट्रोजनचा अंदाज देतो. आधीच्या बुड्यांमधील उरलेला नायट्रोजनही तो हिशेबात धरतो. त्यामुळे दोन व्यक्तींनी एकच कॉम्प्युटर वापरणे किंवा सहलीच्या मध्येच तो बदलणे धोक्याचे असते. भाड्याने घेतल्यास संपूर्ण सहलीसाठी एकच कॉम्प्युटर घेणे इष्ट ठरते.

सुरक्षासाहित्य

प्रवाहामुळे पाणबुडा बोटीपासून दूर वाहत गेल्यास लाटांमध्ये त्याचे डोके काहीशे मीटरवरूनही दिसत नाही. यासाठी हवा भरून उभी राहणारी नारिंगी किंवा पिवळ्या रंगाची संकेतनळी, तिच्या दोरीचे रीळ, शिट्टी आणि छोटा आरसा सोबत ठेवतात. मालदीवसारख्या प्रवाही पाण्यात हे साहित्य विशेष महत्त्वाचे असते. मासेमारीच्या जाळ्यात किंवा दोऱ्यात अडकल्यास सुटका करून घेण्यासाठी लहान कटर उपयोगी पडतो. ही सर्व साधने वापरण्याचा सराव आधीच केलेला असावा लागतो.

विमानप्रवास

सिलिंडर व वजने वगळता संपूर्ण साहित्याचे वजन सुमारे १० ते १५ किलो भरते. भारतातील अनेक देशांतर्गत विमानकंपन्या साध्या तिकिटावर सुमारे १५ किलोच तपासणी सामान नेऊ देतात. मास्क, कॉम्प्युटर व रेग्युलेटर ही नाजूक साधने शक्यतो हातातील सामानात ठेवतात. कटर व चाकू तपासणी सामानात ठेवावे लागतात, तर सुट्या लिथियम बॅटऱ्या केवळ हातातील सामानात नेता येतात. पाण्याखालील शक्तिशाली टॉर्चची बॅटरी काढून ठेवावी लागते.

परतीचे विमान गाठण्याची वेळही साहित्याइतकीच महत्त्वाची असते. विमानातील हवेचा दाब कमी असल्याने शरीरात उरलेल्या नायट्रोजनचे बुडबुडे होऊन डिकम्प्रेशन आजार उद्भवू शकतो. डायव्हर्स अलर्ट नेटवर्क या संस्थेच्या शिफारशीनुसार, डिकम्प्रेशन थांब्यांची गरज नसलेल्या एकाच बुडीनंतर किमान १२ तास आणि अनेक बुड्यांनंतर किमान १८ तास विमानप्रवास टाळावा.

पर्यावरणविषयक निर्बंध

लोंबकळणारे दाबमापक व नळ्या प्रवाळांना इजा करतात, म्हणून त्या क्लिपने अंगालगत अडकवतात. भारतात प्रवाळांना वन्यजीव संरक्षण अधिनियम, १९७२ च्या पहिल्या अनुसूचीनुसार संरक्षण आहे. कॅरिबियनमधील बोनेअरच्या सागरी उद्यानात हातमोजे वापरण्यास मनाई आहे, कारण हातमोजे घातलेला पाणबुडा प्रवाळांना सहज हात लावतो. पलाऊने १ जानेवारी २०२० पासून, तर हवाईने १ जानेवारी २०२१ पासून प्रवाळांना घातक मानल्या गेलेल्या काही घटकांच्या सनस्क्रीनवर निर्बंध घातले. अंग झाकणाऱ्या पोशाखामुळे सनस्क्रीनची गरजही कमी होते.

निगा

प्रत्येक दिवसाच्या शेवटी साहित्य गोड्या पाण्याने धुऊन सावलीत वाळवतात. रेग्युलेटर धुताना त्याच्या पहिल्या टप्प्याचे झाकण बसवलेले असावे लागते, अन्यथा आत पाणी शिरून गंज चढतो. तीव्र उन्हाने सिलिकॉन व निओप्रीन लवकर खराब होतात. ओलसर साहित्य बंद पिशवीत राहिल्यास त्यावर बुरशी धरते, म्हणून परतीच्या प्रवासापूर्वी ते पूर्ण कोरडे करतात.