उष्णतेचे गणित आणि दामोदर कोसंबी

बेळगाव-निपाणीकडील जुन्या दगडी देवळांच्या गाभाऱ्यात चैत्रातल्या भर दुपारीही गारवा असतो. बाहेरचे ऊन जाड भिंतीत शिरता शिरता क्षीण होते, उशिरा आत पोहोचते. उष्णतेची ही मंद वाटचाल समीकरणात बांधली ती फ्रेंच पंडित जोसेफ फूरिए याने.

१८०७ साली त्याने आपला प्रबंध पॅरिसच्या विद्वत्सभेपुढे ठेवला. उष्णतामान स्थळ आणि काळ या दोहोंवर अवलंबून. फूरिएने ते गुणाकाराच्या रूपात मांडले. एक अवयव केवळ स्थळाचा, दुसरा केवळ काळाचा. एका अवघड समीकरणाची दोन सुलभ समीकरणे झाली! त्यांतून निघणाऱ्या लहरींची बेरीज करून वाटेल ती आरंभस्थिती साधता येते, असा त्याचा दावा होता. लहर निम्म्या लांबीची असेल, तर ती चौपट वेगाने विरते. वयोवृद्ध लाग्रांजला हे पटेना; ग्रंथ प्रसिद्ध व्हावयास १८२२ साल उजाडले.

याच विचाराचा धागा पुढे आपल्या गोमंतकाच्या सुपुत्राने हाती घेतला. धर्मानंद कोसंबींचे चिरंजीव दामोदर (१९०७–१९६६) यांस आपण इतिहासकार म्हणूनच ओळखतो, हे काहीसे अन्यायाचेच. पुण्याच्या फर्ग्युसन महाविद्यालयात गणित शिकवीत असता, १९४३ साली, त्यांनी दाखविले की यदृच्छेने बदलत जाणारी राशीही अशीच उलगडते: प्रत्येक पदात काळाचा एक ठरलेला अवयव, आणि त्याला गुणणारी एक यादृच्छिक संख्या. कारहुनेन व लोएव्ह यांचे निबंध त्यानंतरचे. तरी पुष्कळ ग्रंथांत हा सिद्धांत त्या दोघांच्याच नावे नोंदलेला आढळतो.