दगडफुलाचा देश

कोल्हापुरी मसाल्यात दगडफूल पडतं. नावात फूल असलं तरी ते फूल नव्हे. बुरशी आणि शेवाळ यांनी मिळून थाटलेला तो संसार आहे. बुरशी आसरा देते, ओल धरून ठेवते. शेवाळ उन्हावर अन्न शिजवतं. याच जातकुळीतली मंडळी अंटार्क्टिकाच्या उघड्या खडकांवर चिकटून राहिली आहेत.

त्या खंडाची वाट आपल्या देशाला गोव्यातून सापडली. ६ डिसेंबर १९८१ रोजी 'पोलर सर्कल' हे नॉर्वेचं भाड्याचं जहाज २१ जणांना घेऊन गोव्याहून निघालं. मोहिमेचे प्रमुख होते डॉ. सय्यद झहूर कासिम. गोव्याच्या राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्थेचे ते पूर्वी संचालक होते. ९ जानेवारी १९८२ रोजी भारताची ही पहिली मोहीम बर्फावर उतरली आणि २१ फेब्रुवारीला गोव्यात परतली. पुढच्याच वर्षी, १९८३ मध्ये, भारत अंटार्क्टिक करारात सामील झाला.

'दक्षिण गंगोत्री' हे आपलं तिथलं पहिलं ठाणं बर्फावर उभारलं होतं. बर्फानेच ते हळूहळू गाडून टाकलं. मग १९८९ मध्ये 'मैत्री' उभं राहिलं, ते शिरमाखरच्या खडकाळ पट्ट्यात. इथे शंभरावर तळी आहेत, उन्हाळ्यात स्कुआ पक्षी घरटी करतात. पण झाड नाही, झुडूप नाही. अख्ख्या खंडावर फुलणाऱ्या स्थानिक वनस्पती दोनच, त्याही दूरच्या द्वीपकल्पावर. बाकी सगळा संसार हरितांचा आणि दगडफुलांचा. १९८३ च्या जुलैत व्होस्तोक इथे उणे ८९.२ अंश तापमान नोंदवलं गेलं. अशा मुलखात काही दगडफुलांना सेंटीमीटरभर वाढायला शंभर वर्षंही लागतात. बुटाखाली चिरडायला एक क्षण पुरतो.

पक्ष्यांची कथाही अशीच नाजूक. एम्परर पेंग्विनचा नर ऐन हिवाळ्यात उपाशीपोटी दोन महिने अंडं पायांवर सांभाळतो. पिल्लांना पाण्यात टिकणारी पिसं येईपर्यंत पायाखालचा समुद्रावरचा बर्फ टिकावा लागतो. २०२२ मध्ये बेलिंग्सहाउझेन समुद्रात तो वेळेआधीच फुटला. पाचपैकी चार वसाहतींतलं एकही पिल्लू बहुधा वाचलं नसावं, असं उपग्रहाच्या चित्रांवरून दिसलं. बापाची तपश्चर्या वाया गेली, आणि बर्फ वितळवणारी ऊब आपल्यासारख्या दूरच्या माणसांच्या चुलींची, चिमण्यांचीही आहे.

म्हणूनच तिथले नियम कडक आहेत. रोगाच्या भीतीने गाडी ओढणारे कुत्रेसुद्धा १९९४ पर्यंत हलवले गेले. परकं बी जाऊ नये म्हणून कपडे-बूट झाडून घेतात. भारतानेही २०२२ मध्ये स्वतःचा अंटार्क्टिक कायदा केला.

गोव्याहून गेलेल्या त्या २१ जणांनी आपल्यासाठी जमिनीचा तुकडा जिंकला नाही. त्यांनी आणलं ते एक पाहुणेपण. ज्या घरात दगडावरच्या बोटभर हिरवळीला शंभर वर्षं लागतात, तिथे पाहुण्याने पाय जपूनच ठेवायचा असतो.

(आकाशवाणीवरील भाषणाचा संपादित भाग)