आगबोटीवर चढण्यापूर्वीं

खानदेश हा समुद्रापासून दूरचा मुलूख. धुळ्याच्या उत्तरेस सुमारें २० किलोमीटरांवर, मुंबई-आग्रा रस्त्याच्या कडेला, जुन्या किल्ल्याच्या पायथ्याशीं आमचें सोनगीर वसलें आहे. तांब्यापितळेच्या भांड्यांसाठीं त्याचें नांव पूर्वापार चालत आलें आहे. अशा गांवच्या माणसानें समुद्रप्रवासाविषयीं बोलावें, याचें कित्येकांस नवल वाटेल. परंतु मुंबईच्या बंदरांतून गोवा, लक्षद्वीप वगैरे ठिकाणीं जाणाऱ्या सहलीच्या जहाजांची, म्हणजे ज्यांस सर्वत्र 'क्रूझ' म्हणतात त्यांची, वार्ता आतां धुळें-जळगांवांतहि घरोघर पोहोंचली आहे. २०२१ च्या सप्टेंबरांत कॉर्डेलिया कंपनीचें जहाज मुंबईहून सुरू झाल्यापासून ज्येष्ठ नागरिकांचे संघ, माजी विद्यार्थ्यांचीं मंडळें, दोनचार कुटुंबांचा गोतावळा, अशांच्या सहली निघूं लागल्या आहेत. आणि अशा प्रत्येक मंडळींत निघण्याच्या आठ दिवस आधीं एकच कुरकुर ऐकूं येते. सामान भरणें सोपें. पण संगणकावर प्रत्येकाचें नांव, ओळखपत्र, छायाचित्र, प्रकृतीची माहिती, संकटकाळीं कोणास कळवावें त्याचा दूरध्वनी, हें सारें भरीत बसणें हा निव्वळ जाच!

हा जाच आहे कीं आणखी कांहीं आहे, हें ठरवावयाचें तर आपल्या लोकांनीं समुद्रप्रवासाची तयारी पूर्वीं कशी केली, आणि त्या तयारींत काय राहून गेलें, हें आधीं पाहिलें पाहिजे.

जुन्या काळीं तयारीचा पहिला प्रश्न सामानाचा नव्हता, धर्माचा होता. कलियुगांत वर्ज्य म्हणून धर्मशास्त्राच्या निबंधकारांनीं ज्या गोष्टी सांगितल्या, त्यांत समुद्रयानाची गणना होती. म्हणून जाणाऱ्यास आधीं घरच्यांची व जातीची समजूत घालावी लागे, आणि परत आल्यावर प्रायश्चित्ताची तरतूद करावी लागे. राघोबादादांनीं आपली बाजू मांडण्यासाठीं हनुमंतराव नांवाचे ब्राह्मण वकील इंग्लंडांत पाठविले होते. १७८१ सालीं ते तेथें असतां एडमंड बर्क या विख्यात पार्लमेंटरी वक्त्यानें त्यांना आपल्या खेड्यांतील घरीं ठेवून घेतलें, आणि त्यांचा स्वयंपाक सोंवळ्यानें व्हावा म्हणून बागेंतलें कांचगृह त्यांना मोकळें करून दिलें. परमुलखांत पाय ठेवतांच पहिली अडचण उभी राहिली ती चुलीची!

पुढें शंभर वर्षांनीं, १८८३ च्या एप्रिलच्या ७ तारखेस, डॉक्टरी शिकण्यासाठीं आनंदीबाई जोशी कलकत्त्याहून 'सिटी ऑफ कॅलकटा' या आगबोटीनें निघाल्या. वय अवघें अठरा वर्षांचें. पति बरोबर नाहीं. सोबत कांहीं अमेरिकन बायकांची. त्यांच्या तयारीचा सर्वांत जड भाग पेटींत भरण्याजोगा नव्हता. निघण्यापूर्वीं, त्याच वर्षीं २४ फेब्रुवारीस, श्रीरामपूर येथील कॉलेजांत उभें राहून आपण अमेरिकेस कां जातों, याचें उत्तर त्यांना भरसभेंत द्यावें लागलें. हिंदु म्हणून जाईन आणि हिंदु म्हणूनच परत येईन, असें वचन देऊन त्या निघाल्या. ४ जूनला त्या न्यूयॉर्कच्या बंदरांत उतरल्या, तेव्हां जवळजवळ दोन महिने लोटले होते.

१९०२ सालीं जयपूरचे महाराज सवाई माधोसिंग हे सातव्या एडवर्डच्या राज्यारोहणासाठीं विलायतेस गेले. त्यांनीं 'ऑलिंपिया' ही सबंध आगबोट भाड्यानें घेतली आणि चांदीचे प्रचंड रांजण गंगोदकानें भरून बरोबर नेले. एकेका रांजणांत सुमारें ४,००० लिटर पाणी मावे. राजाला हें शक्य होतें. सामान्य गृहस्थ हीच गोष्ट तांबटाच्या हातच्या फिरकीच्या तांब्यावर भागवी. रांजण काय आणि तांब्या काय, हेतु एकच: परक्या जागीं आपण आपणच राहावें. या काळजीचा उपहास करण्याचें कारण नाहीं. पण त्या तयारींत समुद्राचा विचार फारसा नव्हता, हेंहि खरें.

हीं उदाहरणें एकट्यादुकट्यांचीं झालीं. मंडळीमंडळीनें समुद्रप्रवास करण्याची संवय आपल्याकडे लावली ती मुख्यत्वें दोन आगबोटींनीं, एक कोंकणची आणि दुसरी हजची. कोंकणच्या बोटीस निघणाऱ्या कुटुंबाचें सामान ठरलेलें असे. वळकटी, पत्र्याची ट्रंक, फडक्यांत बांधलेली शिदोरी, पाण्याचा तांब्या, आणि बोट लागूं नये म्हणून लिंबू नाहींतर आवळासुपारी. पुष्कळ बंदरांत धक्काच नसे. बोट दूर पाण्यांत उभी राही आणि माणसें पडावांतून तिच्याकडे नेत. अशा वेळीं पोरें मोजणें, गांठोडीं मोजणें, हें काम घरांतल्या वडील माणसाकडे. हजच्या प्रवासाचा पसारा याहून मोठा. गांवोगांवचे यात्रेकरू गटागटानें मुंबईस येत, मुसाफिरखान्यांत उतरत आणि शिधा व भांडीं घेऊन बोटीवर चढत. त्यांची फसवणूक व हाल फार होतात असें दिसून आल्यामुळें हिंदुस्थान सरकारनें १८८६ सालीं थॉमस कुक कंपनीकडे या वाहतुकीची व्यवस्था सोंपविली होती. मुंबईहून निघणारी हजची बोट १९९५ पर्यंत चालू होती. त्यानंतर सर्व यात्रा विमानानें होऊं लागली.

आतां या सर्व तयारींत काय राहून गेलें, तें पाहूं. त्यासाठीं दोन आगबोटींचीं नांवें घेणें प्राप्त आहे.

पहिलीचें सरकारी नांव 'वैतरणा'. तिच्यावर विजेचे दिवे होते म्हणून लोक तिला 'विजळी' म्हणत. मुंबईच्या शेफर्ड कंपनीची ही बोट १८८८ च्या नोव्हेंबरच्या ८ तारखेस कच्छमांडवीहून मुंबईस निघाली आणि काठेवाडच्या किनाऱ्याजवळ वादळांत नाहींशी झाली. तिचा एक फळकूटहि निश्चितपणें सांपडला नाहीं. तिच्यावर सातशेंहून अधिक माणसें होतीं. त्यांत लग्नाचीं वऱ्हाडें होतीं, आणि मुंबईस मॅट्रिकच्या परीक्षेला निघालेले विद्यार्थी होते. ज्यानें उभा जन्म मुलांना परीक्षेस बसविण्यांत घालविला, त्याला हें वाक्य सहज उच्चारतां येत नाहीं. त्या मुलांची तयारी काय थोडी झाली असेल? पुस्तकें घेतलीं असतील, आईनें फराळाचें बांधून दिलें असेल, देवापुढें नारळ ठेवला असेल. पुढें चौकशी झाली तेव्हां बोटीवर जीवरक्षणाचीं साधनें पुरेशीं नव्हतीं असें निष्पन्न झालें. प्रवाशाची तयारी पुरी होती, बोटीची अपुरी होती. आणि बुडालेल्यांची संख्या? निरनिराळ्या ठिकाणीं ती निरनिराळी सांगतात. लोककथेंत तर ती हजारावर जाते.

दुसरी 'रामदास'. १७ जुलै १९४७. स्वातंत्र्य एक महिन्यावर आलेलें. आषाढी अमावास्येच्या सुमारास गांवीं निघालेल्या मंडळींची गर्दी. सकाळीं आठाच्या सुमारास ही बोट मुंबईच्या भाऊच्या धक्क्यावरून रेवसकडे निघाली आणि सुमारें तासाभरानें काशाच्या खडकाजवळ लाटेनें कलंडून बुडाली. सहाशेंहून अधिक माणसें गेलीं. मुंबई जवळच होती. तरी तिला हें कळावयास कित्येक तास लागले. येथेंहि मृतांच्या आंकड्यावर आजवर एकमत नाहीं.

श्रोतेहो, या दोन्ही गोष्टींतली वादळापेक्षांहि दुःसह बाब हीच आहे. समुद्रानें माणसें नेलीं, हा एक घाव. पण किती नेलीं हें देखील नक्की सांगतां येऊं नये, हा दुसरा. ज्याचें नांव कोठेंच लिहिलेलें नाहीं, त्याला शोधावयास कोण जाणार? आणि तो परत येत नाहीं, हें त्याच्या घरीं कोण कळविणार? घरची मंडळी वाट पाहात राहतात, आणि वाट पाहाणें कोणत्या दिवशीं थांबवावें हें सांगणारें जगांत कोणी नसतें.

जगानें हा धडा तुकड्यातुकड्यानें घेतला, आणि प्रत्येक तुकड्याची किंमत माणसांनीं भरली. १९१२ च्या एप्रिलांत 'टायटॅनिक' बुडाली. तिच्यावर सुमारें २,२०० माणसें होतीं आणि होड्यांत जागा होती १,१७८ जणांस. सुमारें १,५०० माणसें गेलीं. त्यानंतर १९१४ च्या जानेवारींत लंडन येथें समुद्रावरील जीवितरक्षणाचा पहिला आंतरराष्ट्रीय करार झाला. १९८७ च्या ६ मार्चला बेल्जमच्या झीब्रुग बंदराबाहेर 'हेराल्ड ऑफ फ्री एंटरप्राइज' ही बोट उलटून १९३ माणसें गेलीं. त्यानंतर, सुटण्यापूर्वीं बोटीवरचें प्रत्येक माणूस मोजलें पाहिजे, या गोष्टीकडे कसोशीनें लक्ष दिलें जाऊं लागलें. २०१२ च्या १३ जानेवारीस इटलीच्या किनाऱ्यावर 'कोस्टा कॉन्कॉर्डिया' हें सहलीचेंच जहाज खडकावर आदळून ३२ माणसें दगावलीं. त्या दिवशीं चढलेल्या शेंकडों प्रवाशांची संकटकाळची कवाईत व्हावयाची राहिली होती, कारण चोवीस तासांच्या आंत ती उरकली म्हणजे चालत असे. २०१५ पासून नियम असा झाला कीं, नव्या प्रवाशांची ही कवाईत जहाज सुटण्यापूर्वीं, किंवा सुटतांच, झाली पाहिजे.

आतां संगणकावरची ती नोंदणी पुन्हां पाहा. नांव, जन्मतारीख, छायाचित्र, संकटकाळचा दूरध्वनी. 'विजळी' आणि 'रामदास' यांच्या प्रवाशांविषयीं जे प्रश्न अनुत्तरित राहिले, त्यांचींच उत्तरें येथें आगाऊ लिहून मागितलेलीं आहेत. मग तो जाच कसा?

म्हणून मंडळी घेऊन निघणाऱ्या पुढाऱ्यानें कांहीं गोष्टी मनावर घ्याव्या. सर्वांची नोंदणी एकट्यानें ठोकून देऊं नये. प्रत्येकास जवळ बसवून करावी. औषधें कोणतीं चालू आहेत, कानांनीं कमी ऐकूं येतें काय, जिने उतरतां येतात काय, हें ज्याचें त्यालाच ठाऊक. ओळखपत्रावर जें नांव, तेंच अक्षरशः नोंदणींत असावें. आपल्याकडे विवाहितेच्या एका कागदावर माहेरचें आडनांव तर दुसऱ्यावर सासरचें, असा प्रकार पुष्कळ घरीं असतो. तो धक्क्यावर गेल्यानंतर उमगला तर रडण्याचीच पाळी येते. परदेशच्या बंदराची फेरी असेल तर पासपोर्टाची मुदत निदान सहा महिने शिल्लक असावी. प्रवेशपत्राची छापील प्रत प्रत्येकाच्या खिशांत असावी, कारण किनारा सुटला कीं दूरध्वनीचें जाळें तुटतें. धुळ्याहून मुंबई सव्वातीनशें किलोमीटरांच्या घरांत; कसाऱ्याच्या घाटाचा भरंवसा धरूं नये, आदल्या दिवशींच मुंबई गांठावी.

सामानाविषयीं थोडेंच सांगतों. मोठ्या बॅगा धक्क्यावर देऊन टाकाव्या लागतात आणि त्या खोलीपर्यंत पोहोंचावयास कांहीं तास जातात. यासाठीं औषधें, चष्मा, कागदपत्रें आणि एक कपड्यांचा जोड हातपिशवींत ठेवावा. इस्त्री, विजेची किटली, मेणबत्ती, उदबत्ती हीं नेऊं नयेत. समुद्रावर आग लागली तर पळावयास अंगण नसतें. शिदोरीचेंहि तसेंच, बाहेरचें अन्न चालतें कीं नाहीं, हें कंपनीच्या नियमांत आधीं पाहावें. मुंबईहून निघणाऱ्या जहाजावर शाकाहारी व जैन भोजन मिळतें, तेव्हां हनुमंतरावांची चुलीची अडचण आतां उरलेली नाहीं. तांब्या मात्र अवश्य न्यावा. तो कोणाच्या आड येत नाहीं.

जहाजावर चढल्यावर पहिलें काम डेकवर जाऊन छायाचित्रें काढण्याचें नव्हे. आपल्या खोलीच्या दारामागें आपलें जमण्याचें ठिकाण लिहिलेलें असतें, तें वाचावें. आणि तेथें पायांनीं चालत जाऊन यावें. सात आंखूड भोंगे आणि आठवा लांब, ही संकटाची खूण लहान मुलांकडून पाठ करून घ्यावी. मुलें ती एका दमांत पाठ करतील. मोठ्यांचीच खात्री देववत नाहीं.

आणि शेवटची गोष्ट कोणत्याहि कंपनीच्या सूचनांत सांपडणार नाहीं. मंडळींतल्या सर्वांचीं नांवें, खोल्यांचे क्रमांक, जहाजाचें नांव आणि परतण्याचा दिवस यांची एक यादी स्वच्छ अक्षरांत करावी, आणि तिची प्रत सहलीस न येणाऱ्या, घरीं राहणाऱ्या माणसाच्या हातीं द्यावी. घरच्यांस आपली वाट पाहावयाची असते. ती कोठें पाहावी आणि कोणास विचारावें, एवढें त्यांना कळलें म्हणजे निघणाऱ्याची तयारी पुरी झाली.