गॅस वेल्डिंग व कटिंग : ज्वलनशील वायूंचे धोके

गुजरातमधील अलंग येथे ऑक्टोबर २०१२ मध्ये तोडणीसाठी आणलेल्या जहाजावर आग लागून सहा कामगार मृत्युमुखी पडले. पाकिस्तानातील गडानी येथे १ नोव्हेंबर २०१६ रोजी तेलवाहू जहाजाची तोडणी सुरू असताना झालेल्या स्फोटात व आगीत पंचवीसहून अधिक कामगारांना प्राण गमवावे लागले. टाक्यांत उरलेले तेल व त्याची वाफ यांच्याजवळ कटिंगची ज्योत नेण्याचा धोका या व्यवसायात सतत असतो. गल्लीतील गॅरेज आणि भंगाराची दुकानेही त्यातून मुक्त नाहीत.

वेल्डिंगसाठी प्रामुख्याने ॲसिटिलीन वापरला जातो. ऑक्सिजनसह त्याची ज्योत सुमारे ३,१०० अंश सेल्सिअसपर्यंत तापते. कटिंगसाठी स्वस्त असलेल्या एलपीजीचाही सर्रास वापर होतो. या दोन वायूंचे स्वभाव मात्र भिन्न आहेत. एलपीजी हवेपेक्षा जड असल्याने गळती झाल्यास तो जमिनीलगत पसरतो आणि खड्डे, गटारे वा जहाजाच्या तळाशी साचतो. हवेत त्याचे प्रमाण साधारणतः दोन ते साडेनऊ टक्के असताना तो पेट घेतो. ॲसिटिलीनच्या बाबतीत हीच मर्यादा अडीच टक्क्यांपासून ८० टक्क्यांपर्यंत जाते.

ॲसिटिलीनचा खरा धोका त्याहून निराळा आहे. दाबाखाली त्याचे हवेशिवायही विघटन होऊन स्फोट होऊ शकतो. म्हणूनच तो सिलिंडरमधील सच्छिद्र पदार्थात मुरवलेल्या ॲसिटोनमध्ये विरघळवून साठवतात. सिलिंडर आडवा ठेवून वापरल्यास ॲसिटोन नळीत उतरतो. रेग्युलेटरनंतरचा दाब चौरस इंचास १५ पौंडांपुढे नेऊ नये, असा दंडक आहे. शुद्ध तांब्याच्या नळ्याही वर्ज्य होत. कारण तांब्याशी संयोग होऊन धक्क्याने फुटणारे संयुग तयार होते.

ऑक्सिजन स्वतः जळत नाही. त्यामुळे त्याच्याबाबत निष्काळजीपणा अधिक आढळतो. उच्च दाबाच्या ऑक्सिजनशी तेल वा ग्रीस यांचा संपर्क आल्यास ते आपोआप पेटू शकते. तरीही कपड्यांवरील धूळ उडविण्यासाठी ऑक्सिजनचा झोत वापरणारे कामगार आहेत. कापडात ऑक्सिजन मुरला की एक ठिणगी पुरेशी ठरते.

ज्योत उलटी फिरून नळीतून सिलिंडरकडे जाण्याची घटना 'फ्लॅशबॅक' म्हणून ओळखली जाते. ती रोखण्यासाठी दोन्ही वायूंच्या मार्गांवर फ्लॅशबॅक अरेस्टर बसवावे लागतात. नेमका हाच खर्च लहान कारखान्यांत वाचविला जातो. ॲसिटिलीनचा सिलिंडर आतून तापू लागल्याचे जाणवल्यास त्याला हलवू नये. परिसर रिकामा करून अग्निशमन दलाने दुरूनच पाण्याचा मारा करणे हा मार्ग असतो.

इंधनाची रिकामी पिंपे सर्वाधिक फसवी असतात. आत द्रव नसला तरी वाफ उरते. अशा टाक्या वाफेने धुऊन, पाणी वा नायट्रोजन भरून आणि वायूमापकाने तपासूनच कापाव्यात. स्फोटक पदार्थ साठविलेल्या टाकीतील पदार्थ व वाफ काढून टाकण्याची पुरेशी व्यवस्था केल्याविना तिचे वेल्डिंग वा कटिंग करण्यास १९४८च्या कारखाना अधिनियमातील कलम ३७ने मनाई केली होती.