दोन डोळ्यांची दुर्बीण

दुर्बीण म्हटली की बहुतेकांच्या मनात गॅलिलिओची मूर्ती उभी राहते आणि तिच्या एका डोळ्याला लावलेली लांब नळी. दोन्ही डोळ्यांनी पाहावयाची दुर्बीण, म्हणजे द्विनेत्री, ही पुष्कळ मागाहून सैनिक, खलाशी आणि घोड्यांच्या शर्यतींचे शौकीन यांच्या सोयीसाठी निघाली असावी, असाच सर्वसाधारण समज आहे. इतिहास मात्र निराळे सांगतो. द्विनेत्रीचा जन्म गॅलिलिओने आकाशाकडे दुर्बीण वळविण्यापूर्वीच झाला होता.

१६०८ सालच्या ऑक्टोबरात मिडेलबर्ग गावचा चष्मे करणारा हान्स लिपर्शे दूरच्या वस्तू जवळ दाखविणाऱ्या आपल्या यंत्राचे पेटंट मागण्यासाठी हेग येथील डच प्रतिनिधिसभेकडे गेला. सभेला यंत्र पसंत पडले. तथापि दोन्ही डोळ्यांनी पाहता येईल असे ते करून दे, अशी तिने मागणी केली. लिपर्शेने पुढच्या काही महिन्यांत तशा जोड्या करून दिल्या आणि त्यांचा मोबदलाही त्याला चांगला मिळाला. पेटंट मात्र नाकारण्यात आले, कारण ही युक्ती इतरांनाही साधली असल्याचे एव्हाना उघड झाले होते.

इतक्या लवकर जन्मलेले हे यंत्र पुढे अडीचशे वर्षे जवळजवळ निरुपयोगी का राहिले? दोन नळ्या शेजारी शेजारी बांधणे सोपे. त्या अगदी एका दिशेने रोखलेल्या ठेवणे कठीण. त्यांत यत्किंचित फरक पडला तरी एका ताऱ्याचे दोन तारे दिसतात, आणि डोळे ते जुळवू पाहतात तो कपाळ दुखू लागते. शिवाय गॅलिलिओच्या पद्धतीच्या नळीतून आकाशाचा फारच लहान तुकडा दिसे. केप्लरच्या पद्धतीने हा तुकडा मोठा झाला, परंतु प्रतिमा उलटी पडे. ती सुलटी करावयाची तर आणखी भिंगे घालावी लागत व नळी लांबत जाई.

या अडचणींना न जुमानता द्विनेत्रीची कैवार घेणारा एक पुरुष सतराव्या शतकात होऊन गेला. तो म्हणजे कापुचिन संन्यासी आंतोन मारिया शिर्ल द रायटा. १६४५ साली अँटवर्प येथे प्रसिद्ध झालेल्या आपल्या ग्रंथात त्याने द्विनेत्री करण्याची रीत दिली आणि एका डोळ्यापेक्षा दोन डोळे अधिक पाहतात, असे आग्रहाने प्रतिपादन केले. वस्तूकडचे भिंग आणि डोळ्याकडचे भिंग यांना युरोपीय भाषांत आजही जी नावे आहेत, तीही त्याचीच. हाच रायटा दोन वर्षांपूर्वी गुरूला आणखी पाच नवे चंद्र सापडले म्हणून जाहीर करून बसला होता; ते मागच्या आकाशातील साधे तारे निघाले. यंत्र चांगले असून भागत नाही. त्याच्या मागे आकाश पाठ असलेला माणूस लागतो. या गोष्टीचा प्रत्यय पुढे तीनशे वर्षांनी फार निराळ्या रीतीने यावयाचा होता.

यंत्राची कोंडी फुटली ती काचेच्या लोलकांमुळे. १८५४ साली इग्नात्सिओ पोरो या इटालियन अभियंत्याने प्रकाशकिरण लोलकांत चार वेळा परावर्तित करून प्रतिमा सुलटी करण्याच्या रचनेचे पेटंट घेतले. किरण आत घडी घालून आल्यामुळे नळीही आखूड झाली. कल्पना उत्तम होती, पण लोलकांना लागणारी नितळ काच त्या काळी मिळेना. ती काच १८८४ नंतर येना येथे ऑटो शॉटच्या कारखान्यात तयार होऊ लागली, आणि १८९४ साली एर्न्स्ट आबे याने योजलेली लोलकांची द्विनेत्री झाइस कारखान्याने विक्रीस आणली. पुढील भिंगांमधील अंतर डोळ्यांमधील अंतराहून अधिक असलेली, खांदे रुंद असलेली जी आकृती आज आपण ओळखतो, ती हीच.

उणीव राहिली होती एकच. काचेच्या प्रत्येक उघड्या पृष्ठभागावरून शेकडा चार-पाच भाग प्रकाश परत फिरतो, आणि द्विनेत्रीत असे पृष्ठभाग दहा किंवा अधिक असतात. म्हणजे ताऱ्याचा जवळजवळ तृतीयांश प्रकाश डोळ्यापर्यंत पोहोचतच नसे. १९३५ साली झाइसमधीलच अलेक्सांडर स्माकुला याने भिंगावर अतिशय पातळ लेप चढवून ही नासाडी पुष्कळशी थांबविली. युद्धकाळात ही विद्या आरमाराच्या कामी आली; युद्ध संपल्यावर तिचा लाभ आकाशनिरीक्षकांना झाला. भिंगावर दिसणारी निळसर-जांभळी झाक ती हीच.

आता द्विनेत्रीवरील आकड्यांविषयी. ७×५० याचा अर्थ वस्तू सातपट मोठी दिसेल आणि पुढच्या भिंगाचा व्यास ५० मिलिमीटर आहे. दुसऱ्या आकड्यास पहिल्याने भागले असता डोळ्यात शिरणाऱ्या प्रकाशशलाकेची जाडी मिळते. येथे ती सुमारे ७ मिलिमीटर होते. तरुण माणसाची बाहुली काळोखात जवळजवळ तेवढीच उघडते, म्हणून रात्री पहारा करणाऱ्या नौसैनिकांसाठी ही जोडी आदर्श ठरली. वय वाढते तशी बाहुली कमी उघडते आणि पन्नाशीच्या सुमारास बहुतेकांची पाच मिलिमीटरांच्या आसपास राहते. अशा माणसाने ७×५० घेतली तर भिंगाने गोळा केलेला बराचसा प्रकाश बाहुलीच्या कडेबाहेर पडून फुकट जातो. त्याला १०×५० अधिक मानवते. दुकानात मोठमोठे आकडे दाखवून खपविल्या जाणाऱ्या ३०×५० सारख्या वस्तूंच्या मात्र वाटेस न गेलेले बरे. प्रकाशशलाका दोन मिलिमीटरांहूनही बारीक आणि हाताचा कंप तीसपट. तारा सुरवंटासारखा वळवळत राहतो. दहापटीच्या पुढे हाताने धरून पाहण्याचा विचारच करू नये; तिथे तिकाटणे हवे.

विकत घेताना द्विनेत्री हातभर दूर धरून उजळ आकाशाकडे, सूर्याकडे मात्र चुकूनही नव्हे, रोखावी आणि डोळ्याकडच्या भिंगातील प्रकाशाचा ठिपका पाहावा. तो स्वच्छ गोल असावा. कडा चौकोनी कापल्यासारख्या दिसल्या तर लोलकांची काच हलकी समजावी. मग एखाद्या ताऱ्यावर आधी डावा डोळा मधल्या चाकाने आणि नंतर उजवा डोळा उजव्या भिंगाच्या कड्याने साधून घ्यावा. तारा टाचणीच्या अग्राएवढा दिसला म्हणजे साधले. आरामखुर्चीत पाठ टेकून, कोपरे छातीशी घेऊन पाहिल्यास हात पुष्कळ स्थिर राहतो. गोवा आणि कोकण येथील दमट हवेत भिंगांना बुरशी धरते व ती एकदा आत शिरली की काच कोरते. पावसाळ्यात द्विनेत्री ओलावा शोषणाऱ्या सिलिका जेलच्या पुडीसह बंद डब्यात ठेवावी.

कृत्तिकांच्या सहा-सात तारकांच्या जागी डझनावारी तारका, पुष्य नक्षत्रातील धूसर ठिपक्याचा फुटून झालेला तारकांचा थवा, गुरूचे चार चंद्र आणि पंचवीस लक्ष प्रकाशवर्षांवरील देवयानी दीर्घिका, एवढे तर पहिल्या महिन्यातच पदरात पडते. पण मोठ्या दुर्बिणींच्या युगात या हातातल्या यंत्राने शोध म्हणावा असे काही साधते काय? इंग्लंडातील पीटरबरो येथील शाळामास्तर जॉर्ज अल्कॉक याने या प्रश्नाचे उत्तर आयुष्यभर खपून दिले.

१९१२ साली जन्मलेल्या अल्कॉकने १९५३ मध्ये धूमकेतू शोधण्याचे मनावर घेतले. इंग्लंडच्या ढगाळ आकाशात हा वेडेपणाच होता. तेथून १८९४ नंतर कुणालाही नवा धूमकेतू सापडला नव्हता. सहा वर्षे काहीच हाती आले नाही. १९५९ मध्ये त्याने २५×१०५ ची भारी द्विनेत्री घेतली. त्या वर्षी २५ ऑगस्टला त्याला पहिला धूमकेतू दिसला आणि अवघ्या पाच दिवसांनी दुसरा. १९६३ व १९६५ मध्ये आणखी दोन त्याच्या नावावर जमा झाले. मोठ्या दुर्बिणीत एका वेळी आकाशाचा चंद्राएवढा तुकडा दिसतो. द्विनेत्रीत त्याच्या कितीतरी पट. शोधणाऱ्याला नेमके हेच लागते.

मग त्याने नवताऱ्यांचा पाठलाग आरंभिला. नवतारा हा दिसावयास इतर ताऱ्यांसारखाच असतो. तो नवा आहे हे कळण्यास जुने सारे तारे ठाऊक असावे लागतात. रायटाची गफलत झाली ती याच जागी. अल्कॉकने द्विनेत्रीत दिसणाऱ्या तीस हजारांवर ताऱ्यांच्या आकृती मुखोद्गत केल्या होत्या, असे सांगतात. आपल्याकडे वेद पाठ करणाऱ्या घनपाठ्यांविषयी जे नवल वाटते तेच येथेही वाटावे. ८ जुलै १९६७ रोजी धनिष्ठेच्या परिचित तारकांत एक परका तारा त्याच्या नजरेत भरला. १९६८, १९७० आणि १९७६ मध्ये आणखी तीन नवतारे त्याने टिपले.

१९८३ च्या मे महिन्यातील घटना तर विलक्षणच आहे. आयरास नावाचा उपग्रह अवरक्त किरणांत आकाश न्याहाळीत होता. एप्रिलच्या अखेरीस त्याला एक हलणारी वस्तू दिसली, पण ती धूमकेतू आहे हे प्रथम कुणाच्या ध्यानात आले नाही. ३ मे रोजी जपानात गेनिची आराकी आणि इंग्लंडात अल्कॉक यांनी ती स्वतंत्रपणे ओळखली. आराकी शिक्षक होता. अल्कॉक निवृत्त शिक्षक. अल्कॉक त्या वेळी घराबाहेरही गेलेला नव्हता; बंद खिडकीच्या काचेतून १५×८० द्विनेत्रीने तो आकाश पाहत होता. ११ मे रोजी हा धूमकेतू पृथ्वीपासून सुमारे ४७ लक्ष किलोमीटरांवरून गेला. १७७० नंतर इतक्या जवळून गेलेला धूमकेतू कुणी नोंदविलेला नव्हता. आयरास-आराकी-अल्कॉक या त्याच्या नावात एक कृत्रिम उपग्रह आणि दोन शाळामास्तर एका पंक्तीस बसले आहेत.

१९९६ च्या जानेवारीत जपानच्या युजी ह्याकुताके याने २५×१५० च्या द्विनेत्रीने शोधलेला धूमकेतू त्याच वर्षी मार्चमध्ये नुसत्या डोळ्यांनी जगभर दिसला. त्यानंतर मात्र काळ पालटला. १९९८ पासून संगणकाला जोडलेल्या दुर्बिणी रात्रीमागून रात्री सारे आकाश टिपू लागल्या, आणि माणसाचा डोळा पोहोचण्याआधीच बहुतेक धूमकेतू त्यांच्या जाळ्यात सापडू लागले. शहरांच्या दिव्यांनी उरलेला काळोखही पातळ केला.

अल्कॉकचा पाचवा आणि शेवटचा नवतारा १९९१ च्या मार्चमधील, शौरी तारकासमूहातील. तेव्हा त्याचे वय ७८ होते, आणि तोही त्याला घराच्या आतूनच, खिडकीच्या काचेतून, हातातल्या द्विनेत्रीने सापडला. डिसेंबर २००० मध्ये तो वारला.