'पाणी सुटणे' आणि 'परासरण': एका प्रयोगाचा इतिहास आणि मालाडचा वर्ग

विसरण आणि परासरण या दोन संज्ञा महाराष्ट्रातील शालेय विज्ञानात आता पूर्णपणे रूढ झाल्या आहेत. परीक्षेत त्यांच्या व्याख्या विचारल्या जातात व पुष्कळ विद्यार्थी त्या बिनचूक लिहितात. परंतु त्यांपैकीच एखाद्यास, कैरीच्या फोडींना मीठ चोळून ठेवले असता पाणी का सुटते, असा प्रश्न केला, तर उत्तर व्याख्येतून येईलच असा भरवसा देता येत नाही. 'मीठ पाणी ओढते' हे घरी ऐकलेले वाक्य आणि 'अर्धपार्य पटलातून द्रावकाचे होणारे वहन' हे शाळेत पाठ केलेले वाक्य, ही दोन्ही एकाच घटनेविषयी आहेत, हे त्याला कोणी सांगितलेलेच नसते. ही फारकत कशी पडली आणि प्रयोगाच्या द्वारे ती कशी भरून काढता येईल, याचा विचार या शास्त्राच्या इतिहासाच्या आधारे करणे, हा प्रस्तुत लेखाचा हेतू आहे.

परासरणाचा शोध परासरणाच्या शोधार्थ लागलेला नाही. १७४८ साली फ्रान्समधील आबे नोले हे द्रवांच्या उकळण्याविषयी प्रयोग करीत होते. मद्यार्काला हवा लागू नये म्हणून त्यांनी मद्यार्काने भरलेल्या भांड्याचे तोंड प्राण्याच्या मूत्राशयाच्या पटलाने बांधले आणि ते भांडे पाण्यात बुडवून ठेवले. काही तासांनी पाहतात तो पटल फुगून वर आलेले. त्यास टाचणीने छिद्र पाडताच आतील द्रव उसळून बाहेर आला. नोले यांनी घटना नोंदविली, परंतु तिला नाव दिले नाही. नाव मिळण्यास सुमारे ऐंशी वर्षे जावी लागली. १८२६ पासून पुढील काही वर्षांत द्यूत्रोशे यांनी हीच घटना पुन्हा हाती घेतली, ती मोजण्याचे साधन तयार केले आणि तिला एक नव्हे, तर दोन नावे दिली. पटलातून आत जाणारा प्रवाह हा 'एंडॉस्मोज' व बाहेर येणारा प्रवाह हा 'एक्झॉस्मोज'. दोन्ही प्रवाह एकाच वेळी चालू असून त्यांचा वेग असमान असतो, अशी त्यांची कल्पना होती. पुढे १८५४ साली टॉमस ग्रॅहॅम यांनी उपसर्ग गाळून 'ऑस्मोज' हे एकच नाव पुढे आणले.

विसरणाचा इतिहासही असाच टप्प्याटप्प्याने घडला. वायूंच्या विसरणाचा नियम ग्रॅहॅम यांनी १८३३ पर्यंत सिद्ध केला व नंतर ते द्रवांकडे वळले. त्यास गणिती रूप दिले ते आडोल्फ फिक यांनी १८५५ साली. १८६७ मध्ये ट्राउबे यांनी कृत्रिम पटल तयार केले, १८७७ मध्ये फेफर यांनी तशाच पटलाच्या साहाय्याने परासरणाचा दाब मोजला, तर ह्यूगो द व्ह्रीस यांनी वनस्पतींच्या पेशी निरनिराळ्या द्रावणांत ठेवून त्या द्रावणांची शक्ती ताडून पाहिली. वनस्पतिशास्त्रज्ञांच्या या सामग्रीवरूनच व्हान्ट हॉफ यांनी विरल द्रावणांचा सिद्धान्त मांडला. १९०१ सालचे रसायनशास्त्राचे पहिले नोबेल पारितोषिक त्यांस मिळाले. थोडक्यात, प्रथम नवल, मग मोजमाप, मग नाव आणि सर्वांत शेवटी सिद्धान्त, असा हा क्रम आहे. नोले यांच्या प्रयोगापासून सिद्धान्तापर्यंत जवळजवळ एकशेचाळीस वर्षे लोटली.

शाळेतील धडा मात्र बहुधा उलट दिशेने चालतो: आधी व्याख्या, मग आकृती आणि वेळ उरल्यास प्रयोग. एकशेचाळीस वर्षांचा प्रवास एका तासिकेत आटोपावयाचा असल्याने हे काही अंशी अपरिहार्यच आहे. तरीही या क्रमाविरुद्ध आपल्याकडे जे प्रयत्न झाले, त्यांत मुंबईचा वाटा मोठा आहे. कोठारी आयोगाने (१९६४–६६) पहिल्या दहा वर्षांच्या शिक्षणात विज्ञान सर्वांस अनिवार्य असावे, अशी शिफारस केली. १९७२ मध्ये मध्य प्रदेशातील होशंगाबाद जिल्ह्यात सोळा शाळांतून प्रयोगाधिष्ठित विज्ञानशिक्षणाचा उपक्रम सुरू झाला; त्यास मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेतील शास्त्रज्ञांचे साहाय्य लाभले होते. तो उपक्रम २००२ मध्ये शासनाने बंद केला. १९७४ साली याच संस्थेच्या अंतर्गत होमी भाभा विज्ञान शिक्षण केंद्राची स्थापना झाली. केंद्राचे आरंभीचे काम नाना चौकातील महानगरपालिकेच्या शाळेच्या इमारतीतून चालत असे, ही गोष्ट बोलकी आहे. व्ही. जी. कुलकर्णी व त्यांचे सहकारी यांनी पालिका शाळांतील आणि जळगाव जिल्ह्यातील खिरोदा परिसरातील मुलांबरोबर काम केले. त्यातून त्यांच्या ध्यानी आले की, पाठ्यपुस्तकांची दुर्बोध भाषा हाच आकलनातील एक मोठा अडसर आहे. भाषा सोपी केली असता आकलन सुधारते.

हा निष्कर्ष मालाडसारख्या उपनगरास विशेष लागू पडतो. १९५७ साली बृहन्मुंबईची हद्द दहिसर व मुलुंडपर्यंत वाढली आणि मालाड महानगरपालिकेच्या क्षेत्रात आले. त्यामुळे येथील मुलांच्या प्राथमिक शिक्षणाचा भार पालिकेवर येऊन पडला. या मुलांच्या घरी प्रयोगशाळा नसते हे खरे. परंतु मालाडच्या पश्चिमेस खाडी, मार्वे, मढ आणि पलीकडे मनोरी अशी खाऱ्या पाण्याची भूमी आहे. कोळीवाड्यांतून मासे वाळवले जातात, खारवले जातात. खाडीकाठी तिवरांची झाडी उभी असते. शिक्षकाने हे सारे वर्गात आणले, तर धड्याला नोले यांच्या प्रयोगाइतकेच नवल लाभेल. मात्र येथे विवेकही हवा. उन्हात टांगलेले बोंबील सुकतात ते मुख्यतः बाष्पीभवनाने. त्यास परासरण म्हणणे चूक होय. मीठ लावून ठेवलेल्या मासळीत मात्र मीठ आत शिरते व पाणी बाहेर येते. कोणती घटना कोणत्या सदरात घालावयाची, हे ठरविणे हाच खरा अभ्यास आहे.

तिवराचे उदाहरण वरच्या वर्गासाठी ठेवण्याजोगे आहे. समुद्राच्या पाण्याचा परासरण दाब सुमारे २५ वातावरणे इतका असतो. तेवढ्या विरोधास न जुमानता तिवर पाणी ओढून घेते, बहुतेक मीठ मुळांशीच अडवते आणि आत शिरलेले मीठ पानांवाटे बाहेर टाकते. ऊन पडल्यावर पानावर दिसणारे मिठाचे बारीक कण मुलांना सहज दाखविता येतात. १९६५ साली शोलांडर व त्यांच्या सहकाऱ्यांनी तिवरवर्गीय वनस्पतींतील ताण प्रत्यक्ष मोजून दाखविला. तो समुद्रजलाच्या दाबाहून अधिक भरला.

वर्गात करावयाच्या प्रयोगांविषयी इतिहासाने दोन सावधगिरीच्या सूचना दिल्या आहेत. पहिली विसरणाविषयी. पाण्याच्या पेल्यात पोटॅशियम परमँगनेटचा कण टाकून रंग पसरताना दाखविणे ही सर्वत्र चालणारी पद्धत आहे. परंतु द्रवातील विसरण अत्यंत मंद असते. लहान रेणूस एक सेंटिमीटर अंतर कापण्यास साधारण अर्धा दिवस लागतो. पेला काही मिनिटांतच जांभळा झाला, तर ते विसरणाचे नव्हे, पाण्यातील प्रवाहांचे काम होय. यावर उपाय घरगुती आहे: चायना ग्रास उकळून थिजवावे, त्यावर रंगाचा थेंब ठेवावा आणि वर्तुळाची त्रिज्या रोज मोजावी. अंतर दुप्पट होण्यास सुमारे चौपट वेळ लागतो, हे मुलांना स्वतःच्या पट्टीने सापडते. फिकच्या नियमाचा गाभा हाच आहे.

दुसरी सूचना परासरणाविषयी. बटाट्याच्या सारख्या लांबीच्या पट्ट्या कापून एक साध्या पाण्यात, एक कमी खारट व एक अधिक खारट पाण्यात ठेवावी आणि काही तासांनी लांबी व ताठरपणा पाहावा. पहिली ताठ होते, शेवटची लुळी पडते. या दोहोंमध्ये, पट्टीत काहीच फरक न पडण्याइतके मीठ किती, हा प्रश्न विचारला की मूल नकळत द व्ह्रीस यांच्याच वाटेने चालू लागते. शेजारी उकडलेल्या बटाट्याची पट्टी ठेवावी; तीत हा फरक तसा दिसत नाही, कारण उकडल्याने पेशींचे पटल निकामी झालेले असते. पटलाचे महत्त्व व्याख्येहून या पट्टीने अधिक पटते.

शेवटी संज्ञांकडे वळू. मुलाच्या कानाला 'विसरण' हे 'विसरणे'च्या जवळचे वाटते; त्याच्या मुळातील 'सृ' धातू व 'पसरणे' हा अर्थ शिक्षकाने उलगडल्याखेरीज तो त्याला दिसत नाही. 'परासरणा'चेही तसेच आहे. मराठी परिभाषेत याच क्रियेस 'तर्षण' असाही शब्द योजिला गेला आहे. त्यात तहानेची कल्पना आहे व ती अनुभवाच्या अधिक जवळ आहे. परंतु या दोन्हींच्या आधी घराघरांत दोन शब्द होतेच: कैरीला पाणी 'सुटते' आणि बेदाणा पाण्यात 'फुगतो'. द्यूत्रोशे यांनाही प्रथम दोनच शब्दांची गरज भासली होती. त्यांचे शब्द आणि आपले शब्द अर्थाने तंतोतंत एक नव्हेत. पण दोन दिसणाऱ्या घटना मुळात एकच आहेत, हे ओळखण्यास शास्त्रालाही काळ लागला, एवढे मात्र त्यातून निश्चित कळते. हा काळ मुलाला एका धड्यात नाकारणे न्याय्य नाही.

या विवेचनावरून असे म्हणावयास हरकत नाही की, प्रयोग हा धड्याचा अलंकार नसून त्याचा आरंभ होय. 'सुटणे' व 'फुगणे' या शब्दांनी मुलाने आधी स्वतः नोंद करावी, मग मोजावे आणि त्यानंतरच 'परासरण' हे नाव त्याच्या हाती द्यावे. त्या वेळी ते नाव पाठ करावे लागणार नाही. ते त्याला हवे असेल.